गुलाबाची उलटी बाजू

आमचं थ्रॉसलडेन गाव जागचं कधी हललेलं नाही. तीच टेकडी, तोच ओढा, त्याच गळक्या छपराचं प्रार्थनाघर. तरी एका सकाळी उठून बघतो तर आम्ही यॉर्कशायरातून लँकेशायरात जाऊन पडलेलो. १९७४ सालची गोष्ट. लंडनमध्ये कुणा साहेबानं नकाशावर पेन्सिल फिरवली, माझ्या मते त्याच वेळी त्याला शिंक आली, आणि दोन परगण्यांमधली रेघ आमच्या या अंगाची त्या अंगाला गेली. मेंढ्यांना काही कळलं नाही. माणसांचं दुखणं मात्र अजून जात नाही.

पाचशे वर्षांपूर्वी दोन घराणी इथल्या गादीसाठी लढली. पांढरा गुलाब यॉर्कचा, तांबडा लँकेस्टरचा. मुडद्यांचे ढीग पडले. शेवटी तांबड्यांकडच्या एकानं गादी मारली, पांढऱ्यांकडची मुलगी केली, तांबड्या गुलाबाच्या पोटात पांढरा गुलाब बसवला आणि भांडण मिटल्याची दवंडी पिटली. थ्रॉसलडेनपर्यंत ती दवंडी अजून पोचलेली नाही. आम्ही दर एक ऑगस्टला, म्हणजे यॉर्कशायर दिनाला, गावच्या क्लबाच्या पायरीवर उभे राहून, गाव यॉर्कशायरचं होतं, आहे आणि राहील असं मोठ्यानं जाहीर करतो. ऐकायला मेंढ्या असतात.

या सगळ्यात कडवा माणूस म्हणजे इनॉक हेबलथ्वेट. माझा शेजारी, माझ्याच वयाचा. लँकेशायरात स्वागत करणारी पाटी गावाबाहेर लागली तशी त्यानं ती उपटून कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली, आणि त्या खुराड्यातल्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. पश्चिमेचा, म्हणजे लँकेशायरकडचा वारा सुटला की तो खिडक्या लावून घ्यायचा. एकदा त्याच्या मेव्हणीनं तांबड्या गुलाबाचं रोप भेट पाठवलं. बायकोला वाईट वाटायला नको म्हणून इनॉकनं ते लावलं, पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा राहून त्याच्याकडे नुसता बघायचा. तिसऱ्या वर्षी ते झाड भीतीनं आपणहून पांढरं फुललं. मी या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या डोळ्यांवर गावात कुणाचा विश्वास नाही, हा गावाचा दोष.

त्याची बायको एडना शहाणी बाई. नवरा लँकेशायरवाला झाला त्याच आठवड्यात तिनं त्याच्या निळ्या कोटावर, डाव्या छातीशी, शिवणाच्या मशीनवर सुंदर पांढरा गुलाब भरून दिला. तो कोट इनॉकनं लग्नाला घातला, मयताला घातला, मेंढ्यांच्या बाजारालाही घातला.

त्या काळी यॉर्कशायरच्या क्रिकेट संघात यॉर्कशायरच्या मातीत जन्मलेलाच खेळू शकायचा. त्यामुळे मुलाच्या, नायजेलच्या वेळी एडनाला कळा सुरू झाल्या तसा इनॉकनं तिला कोळशाच्या लॉरीत घातलं आणि बर्फातून सीमेपलीकडे नेलं. पोरगं यॉर्कशायरात जन्मलं, थोडं काळपट जन्मलं, पण जन्मलं. पुढं त्या नायजेलच्या बॅटनं आयुष्यात एकच गोष्ट नीट टोलवली, ती म्हणजे चहाची किटली. तो दातांचा डॉक्टर झाला. दवाखाना टाकला लँकेशायरात, बायकोही तिथलीच केली.

मग नात व्हायची वेळ आली. सून लँकेशायरच्या इस्पितळात. इनॉक पहाटे सीमेपलीकडे गेला, यॉर्कशायरच्या मातीनं बादली भरली आणि नर्सची नजर चुकवून सुनेच्या खाटेखाली सरकवली.

"हे काय आहे?" नर्सनं विचारलं.

"माझ्या गुडघ्यांचं औषध," इनॉक म्हणाला.

त्या बादलीवर हेटी जन्मली. आणि त्या पोरीनं आजोबाचं सगळं फेडलं. दहाव्या वर्षी ती दोन काखांत दोन मेंढ्या घेऊन ओढा ओलांडायची. इनॉक तिला कुंपणाच्या या बाजूनं कोबीचे गड्डे फेकून मारायचा आणि ती पळता पळता झेलायची. रग्बी ती अशी शिकली. बाप लोकांचे दात बसवणारा, आणि पोरगी दात पाडणाऱ्या खेळात. नायजेल सामने बघायला यायचा आणि डोळे मिटून बसायचा. इनॉक मात्र दर रविवारी तिला सीमेपलीकडच्या संघात सरावाला न्यायचा, ऊन असो वा गारा, आणि परत येऊन क्लबात आम्हाला पुरा सामना हातवारे करून सांगायचा. त्याच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या. एक हेटी आणि दुसरी ती रेघ.

तर एका शनिवारी दुपारी हेटी क्लबात आली. आम्ही डॉमिनो खेळत होतो. तिनं दारातूनच ओरडून सांगितलं, "आजोबा, निवड झाली! इंग्लंडच्या संघात!"

काय गलका झाला! क्लबाचं छप्पर दोन बोटं वर जाऊन परत बसलं. इनॉक उठला, नातीला उचलायला गेला, ते जमलं नाही म्हणून तिनं त्याला उचललं. तो वर हवेत असतानाच पर्सी ग्रिमशॉ बोलला.

पर्सी आमच्या गावातला अस्सल लँकेशायरवाला. तरुणपणी लग्न करून इथं आला, मासळी नि चिप्सचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून रोज सगळ्यांच्या शिव्या खात आमची पोटं भरतोय.

"अभिनंदन, इनॉक," पर्सी म्हणाला. "आता तुझी नात छातीवर कुठलं फूल लावणार ते ठाऊक आहे ना?"

हेटीनं आजोबाला खाली ठेवलं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण निवड होईपर्यंत कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. इंग्लंडची रग्बीची जर्सी पांढरी, आणि तिच्यावर गुलाब तांबडा.

"आणि बायकांच्या संघाचं तर नावच 'लाल गुलाब'," पर्सीनं जखमेवरच्या मिठावर व्हिनेगर ओतलं.

इनॉक खुर्चीत बसला. म्हणाला, "फुटबॉलवाल्यांचे तीन सिंह आहेत. क्रिकेटवाल्यांचेही तीन सिंह, वर मुकुट. सिंहाला परगणा नसतो. या रग्बीवाल्यांनाच काय धाड भरली होती फूल लावायची?"

"सिंहांचं काय कौतुक सांगतोस?" मी म्हणालो. "ते एका जुन्या राजाचे. तो फ्रेंच बोलायचा आणि इंग्लंडात राहायला त्याला सवड नव्हती. जुने जाणते लोक तर त्यांना सिंह नाही, बिबटे म्हणायचे."

"म्हणजे परदेशी बोलणाऱ्या राजाची परदेशी जनावरं छातीवर लावून आपली पोरं परदेशी लोकांकडून हरतात?" पर्सी म्हणाला.

"यालाच तर इंग्लिश म्हणतात," मी म्हणालो.

सगळे हसले, इनॉक सोडून. हेटी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली. "आजोबा, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी घरच्या माणसाच्या हातून जर्सी देतात. सगळ्या संघासमोर. मी तुमचं नाव दिलंय."

"बापाचं दे."

"बाबांनी मला कोबी मारले नाहीत. तुम्ही मारलेत."

"हेटी, बाळ, तू खेळ. मी कोपऱ्यात बसून बघेन. पण तांबड्या गुलाबाला हात लावून, तो माझ्या हातानं तुझ्या अंगावर घालायचा? मला नाही जमायचं. माझा बाप थडग्यात कूस बदलेल."

"नक्की?"

"नक्की."

हेटी उठली. रग्बीत समोरची पोरगी अंगावर येते तेव्हा तिचा चेहरा जसा होतो तसा झाला होता. "ठीक आहे. मग कुणीच देऊ नका. मी त्यांना सांगते, हेबलथ्वेटांच्या घरात द्यायला कुणी नाही. खुंटीवरून माझी मी काढून घेईन." आणि निघून गेली.

इनॉकही उठला. त्याच्या ग्लासात अर्धी बिअर तशीच होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ग्लासात बिअर सोडली. पर्सीनंसुद्धा तिला हात लावला नाही, यावरून प्रसंग ओळखा.

दोन दिवसांनी एडना माझ्या भाजीच्या वाफ्यावर आली. मी कांद्यांशी गप्पा मारत होतो.

"क्लिफ, तो जेवत नाहीये."

"काय केलं होतंस?"

"विषय बदलू नकोस. खुराड्याजवळ जाऊन बसतो. हेटी फोन करते, हा घेत नाही. हा फोन करतो, ती घेत नाही. दोघं एकाच दगडातून फोडून काढलीत. आणि मला माहितेय, त्या दिवशी ती खुंटीवरून जर्सी काढेल, हा इथं कोंबड्यांशी बोलत बसेल, आणि मग उरलेलं आयुष्य दोघं एकमेकांची तोंडं बघणार नाहीत. त्याच्याकडे आता किती आयुष्य उरलंय?"

"मी काय करू? तो माझं ऐकणार?"

"तू आयुष्यभर एका ग्लासभर बिअरसाठी थापा मारत आलास. या गावात तुझ्या थापा ऐकून माझे कान झिजलेत. एकदा कामाची थाप मार."

"एडना, खोटं बोलणं पाप आहे."

"तू ते छंद म्हणून करतोस तोवर नव्हतं होय?" असं म्हणून तिनं माझे दोन चांगले कांदे उपटले आणि गेली.

आता रग्बीच्या गुलाबाची एक गंमत सांगतो. तो तांबडाच का, हे धड कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं राणीचा, कुणी म्हणतं हा खेळ जिथं सुरू झाला त्या शाळेचा, कुणी म्हणतं पांढऱ्यावर तांबडा उठून दिसतो म्हणून. ज्यांनी तो ठरवला त्यांनी कारण सांगून ठेवलं नाही. आणि जिथं मोठे लोक कारण सांगायला विसरतात, तिथं माझ्यासारख्याचं पीक जोमानं येतं.

बुधवारी क्लबात इनॉक आला तेव्हा मी त्याच्याकडे न बघता पर्सीशी बोलत होतो. खरं बोलायचं तर माणसाच्या तोंडाकडे बघून बोलावं. थाप मारायची तर शेजाऱ्याकडे बघून मारावी.

"१८७१ साल," मी म्हणालो. "इंग्लंडचा पहिला सामना, एडिंबऱ्याला, स्कॉटलंडशी. जर्सी शिवायचं काम होतं आपल्या यॉर्कशायरातल्या हॅलिफॅक्सच्या ओबडाया सटक्लिफकडे."

"कोण हा?" पर्सीनं विचारलं.

"शिंपी. एक पाय लंगडा, आणि दुसरा त्याच्याहून आखूड. समितीनं सांगितलं, गुलाब काढ. कुठला ते सांगितलंच नाही. हॅलिफॅक्सच्या माणसाला कुठला गुलाब ते सांगावं लागतं का? त्यानं पांढऱ्या जर्सींवर पांढऱ्या लोकरीनं पांढरे गुलाब भरले. बोट फिरवलं तर कळायचे, डोळ्यांना काही दिसायचं नाही. गाडी सुटायची वेळ झाली. कप्तान ओरडला, 'अरे, गुलाब कुठायत?' ओबडाया म्हणाला, 'आहेत. ज्याला यॉर्कशायर दिसतं त्याला दिसतील.'"

इनॉकच्या हातातला डॉमिनो हातातच राहिला.

"संघात एक लँकेशायरवाला होता, सुताच्या गिरणीतला. त्याच्या सामानात तांबडं सूत होतं. मग काय करणार? गाडीत बसून, धक्के खात, त्या पांढऱ्या गुलाबांवरनं त्यांनी तांबडे गुलाब भरले. खालचे उसवायला वेळच नव्हता. ते राहिले आत. आणि तेव्हापासून रीतच पडली: आधी आत पांढरा, मग वरनं तांबडा."

"साफ थाप!" पर्सी ओरडला. "असलं काही घडलेलं नाही!"

इनॉकनं हळूच मान वळवली. "पर्सी, तुझं म्हणणं हे खोटं आहे?"

"शंभर टक्के खोटं!"

"हं," इनॉक म्हणाला. "म्हणजे त्यात काहीतरी असणार." मग माझ्याकडे बघून, "पण क्लिफ, वर तांबडा आणि आत पांढरा असं का चालू ठेवलं? उलटं का नाही?"

याचा विचार मी केलेला नव्हता. पण देवानं मला कांदे पिकवायची अक्कल दिली नाही, ही मात्र दिली. "कारण यॉर्कशायरचा माणूस मिरवत नाही, इनॉक. मिरवायला लँकेशायरवाले लागतात. आपण आत असतो."

इनॉकनं डॉमिनो टेबलावर असा आपटला की माझा डाव मोडला. त्या संध्याकाळी त्यानं हेटीला फोन केला. तिनं घेतला.

लंडनला आम्ही पर्सीच्या दुकानाच्या व्हॅनमधून गेलो. पुढं पर्सी आणि नायजेल, मागं इनॉक, एडना आणि मी, बटाट्यांच्या पोत्यांवर. हॉटेलात पोचलो तेव्हा आम्हा सगळ्यांच्या अंगाला व्हिनेगरचा असा वास येत होता की दरवानानं जिभल्या चाटल्या. इनॉकनं अर्थात तो निळा कोट घातलेला, छातीवर एडनाचा पांढरा गुलाब. संघाची एक बाई आली, नीटनेटकी, हसरी. तिनं इनॉकच्या हातात एक चपटा खोका दिला. "मिस्टर हेबलथ्वेट, यात हेटीची जर्सी आहे. थोड्या वेळानं आम्ही नाव पुकारू, मग तुम्ही आत या आणि तिला द्या. दोन शब्द बोललात तरी चालतील."

"किती शब्द?" इनॉकनं विचारलं.

"तुमच्या मनाला येतील तितके."

ही त्या बाईची चूक होती, पण तिला काय ठाऊक!

आम्ही बाहेरच्या दालनात बसलो. मी जरा त्यांचा फुकटचा चहा बघायला गेलो. परत येतो तर इनॉक जागेवर नाही, आणि एडना पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधतेय.

"क्लिफ," तिचा आवाज बारीक झाला. "माझी नखं कापायची कात्री कुठंय?"

थ्रॉसलडेनच्या माणसाला तुम्ही सांगितलंत की आत पांढरा गुलाब आहे, तर तो ऐकेल, मान डोलावेल, आणि मग उसवून बघेल. आमच्याकडे नवी गादी घेतली तरी आत खरंच लोकर आहे का ते एका कोपऱ्यातनं बघतात. मी हे विसरलो कसा? मी चहा तिथंच टाकून पुरुषांच्या संडासाकडे धावलो.

एक दार बंद होतं. खालून इनॉकचे बूट दिसत होते.

"इनॉक! कापू नकोस!"

"तू जा, क्लिफ."

"अरे, पोरीची पहिली जर्सी आहे ती! उद्या घालायचीय!"

"एकच पाकळी जरा उचलून बघतो. मग एडना टाका घालेल. खात्री नको?"

"खात्री कसली? अरे गाढवा, ती थाप होती! ओबडाया-बिबडाया कुणी नव्हता! एडनानं सांगितलं म्हणून मी रचलं! तिथं आत काही नाहीये!"

नळ टपकत होता. कुणीतरी एक गृहस्थ हात धुवायला आला होता, तो हात न धुताच निघून गेला. मी दाराला कान लावून उभा. आता कात्रीचा आवाज येतो की रडण्याचा, काही कळेना. मला हेटी दिसत होती: सगळ्या संघासमोर उभी, दाराकडे बघत, आणि दारातून येतोय आजोबा, छातीला भोक पडलेली जर्सी घेऊन. किंवा येतच नाहीये.

कडी सरकली.

इनॉक बाहेर आला. चेहरा रविवारच्या प्रार्थनेतल्यासारखा. जर्सी त्यानं उलटी करून दोन्ही हातांवर धरली होती, तान्ह्या पोराला धरतात तशी. कात्री वरच्या खिशात, न वापरलेली.

"हे बघ," तो म्हणाला.

मी बघितलं. पुन्हा चष्मा पुसून बघितलं. आतल्या बाजूनं, छातीच्या जागी, गुलाब होता. पाकळी न पाकळी. आणि तो पांढरा होता.

"कात्री कुठून घालावी ते बघायला उलटी केली," इनॉक हळूच म्हणाला. "तर हा."

एवढं आयुष्य थापा मारण्यात गेलं, पण एकही थाप अशी उलटून माझ्याकडे बघून हसली नव्हती. (भरतकामाच्या मशीनला वरून कुठलंही रंगीत सूत लावलं, तरी खालच्या बॉबिनीत, म्हणजे खालच्या धाग्याच्या छोट्या रिळात, बहुतेक पांढरंच असतं, त्यामुळे उलट्या बाजूला सगळी नक्षी पांढरी उमटते. हे मला एडनानं नंतर सांगितलं. कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. पण संडासात आम्ही दोघंच होतो.)

"आणि तू मला सांगत होतास थाप आहे म्हणून," इनॉक म्हणाला.

"इनॉक, खरंच मी ती..."

"गप. एवढी चांगली गोष्ट तुझ्यानं रचवेल? तेवढं डोकं असतं तर तुझे कांदे असे आले असते?"

तेवढ्यात नाव पुकारलं.

आत सगळा संघ बसलेला, एकेक पोरगी दाराएवढी. हेटी मधे उभी, दोन्ही हात मागं बांधून. तिला अजून खात्री नव्हती, हे तिच्या मानेवरून कळत होतं. इनॉक चालत गेला, तिच्यासमोर उभा राहिला, आणि बोलायला लागला. त्यानं ओबडाया सांगितला, लंगडा पाय सांगितला, आगगाडी सांगितली. कोळशाची लॉरी सांगितली, त्यावर नायजेल लाल झाला. मातीची बादली सांगितली, त्यात एक गांडूळ होतं हेही सांगितलं, जे आम्हाला आजवर ठाऊक नव्हतं. पोरी आधी हसत होत्या, मग हसेनाशा झाल्या. शेवटी त्यानं जर्सी पुढं केली.

"आजोबा, उलटी आहे ही," हेटी कुजबुजली.

"सुलटी बाजू लोकांसाठी. ही बाजू तुझ्या अंगाला लागणार. नीट बघ."

तिनं बघितलं. मग आजोबाकडे बघितलं. ती हुशार पोरगी आहे. भरतकामाला आतून पांढरं सूत असतं हे तिला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण तिनं फक्त मान डोलावली. तिनं त्याला पुन्हा उचललं, या वेळी जर्सीसकट, आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

ती नीटनेटकी बाई रुमाल डोळ्यांना लावून माझ्या शेजारी उभी होती. "किती सुंदर इतिहास आहे," ती म्हणाली. "मीही कुठंतरी वाचलंय असं काहीतरी."

दुसऱ्या दिवशी मैदानावर आमच्या मागच्या रांगेतला एक अनोळखी गृहस्थ बायकोला तीच गोष्ट सांगत होता. माझ्या ओबडायाला त्यानं दाढीही लावली होती. असं होतं बघा. राजाच्या बिबट्यांचे सिंह झाले ते काय वेगळ्या रीतीनं झाले असतील?

सामन्याचं विचाराल तर हेटीनं हातात आलेला पहिलाच चेंडू सोडला. इनॉक ओरडला, "कोबी! कोबी समज!" पुढचा एकही सुटला नाही. समोरच्या एका पोरीचा दात पडला तेव्हा नायजेलनं सवयीनं खिशात आपलं कार्ड चाचपलं.

परतीच्या वाटेवर इनॉकला वेडच लागलं. जे भरलेलं दिसेल ते उलटून बघायचं. पर्सीची लँकेशायरची टोपी, तांबड्या गुलाबाची, त्यानं डोक्यावरूनच काढली आणि आतनं बघितली. पांढरा! पर्सी व्हॅन चालवता चालवता म्हणाला, "मला बघायचं नाहीये," आणि पुढच्या पेट्रोल पंपावर चोरून बघितलं.

मग इनॉकचं लक्ष स्वतःच्या कोटाकडे गेलं. त्यानं छातीवरच्या गुलाबाखालचं अस्तर चिमटीत धरलं. "एडना, कात्री दे. आपलाही बघू."

"अस्तर उसवायचं नाही," एडना म्हणाली.

"अगं, एक टाका."

"पुन्हा मी शिवत बसणार नाही. पांढऱ्याच्या आत काय असणार? पांढराच ना? बटाट्यांवर नीट बस."

इनॉकला ते पटलं. थोड्या वेळानं तो पोत्यावर घोरायला लागला. मी एडनाकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"एडना," मी हळूच म्हणालो. "कोटाच्या आत काय आहे?"

तिनं नवऱ्याचं घोरणं जरा ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या वर्षी विजेचा काही नेम नव्हता, आठवतं? मी पर्सीच्या दुकानाचे पडदे शिवत होते. कोट मधेच आला, घाईत. वरचं सूत बदललं. खालची बॉबिन बदलायची राहिली."

पर्सीच्या दुकानाचे ते पडदे मला आठवत होते. सगळ्या गावाला आठवत होते. भडक तांबडे.

मी थापाड्या माणूस. ही गोष्ट मी सांगितली तर कुणाला खरी वाटायची नाही, म्हणून तर ती तुम्हाला बिनधास्त सांगतोय. परवाच्या एक ऑगस्टला इनॉक क्लबाच्या पायरीवर उभा होता, तोच निळा कोट घालून. गाव यॉर्कशायरचं होतं, आहे आणि राहील, असं तो ओरडला. ओरडताना त्यानं हात छातीवरच्या गुलाबावर दाबून धरला होता, अगदी घट्ट. एडना शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. हेटी आली होती, तिनं आजोबाच्या कोटाचं अस्तर एका जागी सुटत आलेलं बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, द्या इकडे, मी टाका घालते."

"मी घालते," एडना म्हणाली, आणि कोट त्याच्या अंगावरच शिवला.